चौघं लागतात मला खाली उतरवायला

उशिरा लिहितोय, माफी असावी.

दत्ताराम गेला तेव्हा मी घरातच होतो, खाटेवर. आणि त्याला खांदा द्यायला गेलो नाही.

आज त्याला जाऊन महिना झाला.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. फोनवर एका बोटानं लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

दत्तारामचं घर पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या तळाला, खाडीजवळ. माझं वरच्या टोकाला. मध्ये चिऱ्याच्या त्र्याण्णव पायऱ्या. लहानपणापासून आम्ही दोघं त्या मोजत आलो. गाडी वर येत नाही.

पौषात आंब्याच्या कलमावर फवारणी करताना शिडीवरून पडलो. गुडघ्याच्या खाली नळीचं वरचं टोक फुटलं. खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं. उतरताना पुढच्या दोघांवर जास्त वजन येतं. तिथं दत्ताराम. सत्तरीला आलेला माणूस.

"मेल्या, बायकोनं खायला घातलंय की चिरे?" म्हणाला.

रत्नागिरीला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "काका, आता पूर्वीसारखं लांब कापत नाही. दोन लहान चिरा. त्यातून धातूची पट्टी आत सरकवायची, आणि स्क्रू बारीक भोकांतून. सगळं स्क्रीनवर बघत."

कंबरेखाली बधिर केलं होतं. ड्रिलचा आवाज ऐकू येत होता. मी रामनाम घेत होतो.

घरी सोडताना त्यांनी तीनदा सांगितलं, "गुडघा वाकवायचा, पण तीन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही."

मी मान हलवली.

टाके काढल्यावर बघतो तर काय, दोन बोटांएवढ्या दोन खुणा आणि चारपाच ठिपके. बघायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा.

"एवढंसंच? मग झोपून काय राहिलास?"

मलाही तसंच वाटायला लागलं. एवढीशी जखम, तर आत मोडून मोडून किती मोडलं असेल?

दत्ताराम एकटाच म्हणायचा, "दार लहान हाय म्हणून घर लहान नसतं रे."

शिमगा आला. आमच्याकडे देवाची पालखी घरोघरी येते. अंगणात आली की घरातल्या कर्त्या पुरुषानं खांदा द्यायचा. माझ्या वडिलांनी ताप अंगात असताना दिलेला. मी एकही वर्ष चुकवलं नाही.

ढोल वाजायला लागले. मी खुर्चीवरून उठलो.

दत्ताराम ओरडला, "बस खाली! देव तुझ्या खुर्चीपाशी येईल, त्याला काय पाय नायत?"

बायको म्हणाली, "अहो, नका ना."

मी ऐकलं नाही. खांदा दिला. चारच पावलं.

चौथ्याला आत काहीतरी खचलं. मला कळलं. पण आठ दिवस मी कोणाला बोललो नाही.

एक्स-रेत स्क्रू मागे सरकलेले, हाड खचलेलं. डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, "काका, चीर लहान ठेवली ती तुमच्या मांसाला त्रास कमी व्हावा म्हणून. हाड लहान मोडलं होतं म्हणून नाही."

परत ऑपरेशन. परत तीन महिने. परत ती खुर्ची, ते चौघं, पुढे दत्ताराम.

आता जे लिहितोय ते अजून कोणाला सांगितलेलं नाही.

तो रोज सकाळी वर यायचा. कधी बांगडे, कधी नुसत्या गप्पा. खालच्या पायरीवरूनच हाक मारायचा, "आलो रेऽ!"

चैत्रात ती हाक मधल्या वळणावरून यायला लागली. मग हाक बंद, नुसता खोकला. खाटेवरून मला सगळं ऐकू यायचं. वळणावर तो किती वेळ बसतो, तेही कळायचं.

एकदा दारात आला तो घामानं निथळत होता. ओठ काळेनिळे.

मी म्हटलं, "प्रशांतला फोन करतो."

"गप बस. पोरगा मुंबईहून काम टाकून धावत येईल. उन्हाळा हाय, दम लागायचाच."

मी गप्प बसलो.

त्यानं सांगितलं म्हणून नाही. प्रशांतला कळवलं असतं तर त्यानं बापाला पाखाडी चढू दिली नसती. आणि दत्ताराम आला नसता, तर चार भिंतींत माझा दिवस सरला नसता. खरं कारण हे आहे.

नंतर आठच दिवसांनी तो आपल्याच ओटीवर बसल्या बसल्या गेला.

खालून रडणं ऐकू आलं. मी ओरडत राहिलो, "मला खुर्चीत घाला, खाली न्या!"

बायको म्हणाली, "नेणार कोण?"

चौघं लागतात मला उतरवायला. एक तिरडीवर होता. उरलेले तिघं तिरडीला लागले होते.

खिडकीतून फक्त पाखाडीचं वळण दिसतं. मी तिकडेच बघत बसलो.

प्रशांत, दिवस करून तू मुंबईला परत गेलास. जाताना पाखाडीच्या तळाशी उभा राहून वर बघत होतास, असं बायकोनं सांगितलं. वर आला नाहीस. फोन लागत नाही. तुला कोणी काही बोललं का? की तुझं तूच ओळखलंस? रोज हेच डोक्यात फिरतं.

बाळा, शिमग्याला मी खुर्चीत बसून राहिलो असतो, तर चैत्रात मीच पाखाडी उतरून तुझ्या बापाकडे गेलो असतो. त्याला चढावं लागलं नसतं.

दत्ताराम, तू मला कितीदा उचललंस. मला एकदाही जमलं नाही. जा बाबा सावकाश. आता चढ नाही.

सोमवारी एक्स-रेला उतरायचं आहे. तीन माणसं मिळाली आहेत. चौथा अजून ठरत नाही. मीच कोणाला विचारत नाही.

ज्यांची प्रशांतशी ओळख आहे त्यांनी त्याला हे दाखवा.

प्रशांत, ये म्हणत नाही. शिव्या घाल, पण एक ओळ लिही. फोन उशाशीच आहे.

लवकर कळव.