भट्टीच्या डोंगरावरचे पांढरे ठिपके

सारिका गवई मूळची वडनेर भोलजीची. सपाट काळ्या रानातली पोर, आणि पळायला वाऱ्यासारखी. पोलीस भरतीसाठी तिनं दोन वर्षं डांबरी सडकेवर पाय झिजवले आणि भरतीच्या दिवशी पळायची वेळच आली नाही. त्याआधी उंची मोजतात. मोजणाऱ्या माणसानं तिला टाचा नीट टेकवायला लावल्या, परत एकदा टेकवायला लावल्या, आणि मान हलवून पुढच्या मुलीला बोलावलं.

पुढे लग्न होऊन ती आमच्या गावात आली. रोहिणखेडपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. नवरा संघर्ष पिकअप चालवतो, मलकापूरला भाजी पोचवतो. सारिकानं घरात शिलाई मशीन टाकली. ब्लाउज, गणवेश, पिशव्या. लेक शाळेत जायला लागल्यावर ती एका सकाळी संघर्षचे जुने बूट घालून डोंगराकडे निघाली आणि तासाभरानं घामानं निथळत परत आली. बायांनी तोंडाला पदर लावला. तिचं लक्ष नव्हतं.

त्या डोंगराला आम्ही भट्टीचा डोंगर म्हणतो. बाकीचे डोंगर काळ्या दगडाचे, हाच एक चुनखडीचा. पूर्वी तिथं चुना भाजत. दोन भट्ट्यांची पडकी धुराडी अजून उभी आहेत. पावसानं तो दगड आतून खाल्लाय. कपारी, भोकं, खाली कुठंतरी पोकळी. काही ठिकाणी पाय जोरात आपटला की आतून कोणी थापेला उत्तर द्यावं तसा आवाज येतो. म्हातारी माणसं तिथं बसत नाहीत.

सारिकाला मात्र तो डोंगर फार आवडला. तिथं तिनं पळायच्या वाटा शोधून काढल्या. एक धारेवरून, एक बोरीच्या बनातून आणि तिसरी, सगळ्यात अवघड, कपारींच्या अंगाला लागून वर चढणारी. मग गावातल्या मुली तिच्या मागं लागल्या. आधी काजल. शेतकऱ्याची मुलगी, भरतीची तयारी करणारी. मग राखी आणि आणखी काही जणी. त्या चुकू नयेत म्हणून सारिकानं चुना कालवला आणि वाटेतल्या दगडांवर ब्रशनं रुपयाएवढे गोल ठिपके दिले. ठिपका दिसला की वाट बरोबर, एवढंच मुलींनी लक्षात ठेवायचं.

दिवाळीनंतर तिचं रामरावांशी वाजलं. रामराव म्हणजे सत्तरीला आलेला हडकुळा माणूस. डोंगराला लागून थोडी शेती आणि शेळ्यांचा कळप. मुली त्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पळत जायच्या आणि शेळ्या उधळायच्या. एक दिवस ते पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीबाळीनं अशा अर्ध्या चड्ड्या घालून रानात धावाव काय? उद्या काही झालं त कोन निस्तरन?"

सारिका तिथूनच चालली होती. ती थांबली. "रामराव बाबा, तुमची नजर शेळ्याईवर ठेवा. पोरीईच्या कपड्यावर काऊन जाते?"

पारावरची माणसं हसली. रामराव उठून गेले. त्या दिवसापासून सारिका समोर आली की ते मान दुसरीकडे वळवायचे, आणि सारिकाही.

संक्रांत झाली. थंडी कडक होती, बोरं पिकून खाली पडत होती. अशाच एका सकाळी काजल कपारीच्या वाटेवर सगळ्यांत पुढं होती. तिनं थांबून हाक मारली.

"ताई, इकडं वाट बदलली का तुमी?"

सारिका जवळ गेली. एरवी वाट तिथून सरळ वर जाई. पण वरच्या दगडावर ठिपका नव्हता. होता तिथं शेणाचा लपका वाळून चिकटला होता. आणि डाव्या हाताला, उताराकडे, नवा ठिपका होता. ब्रशचा नव्हे. कुणीतरी चुन्यात बोटं बुडवून दगडावर फिरवली होती. चार बोटांचे ओढलेले पांढरे पट्टे. त्याच्या खाली दुसरा तसाच. मग तिसरा.

मुली सारिकाच्या मागं गोळा झाल्या. ती ठिपक्यांच्या मागं थोडी उतरली. वाट भट्ट्यांच्या पाठीमागं जात होती, एका घळीत. त्या घळीतून गाव दिसत नव्हतं, सडक दिसत नव्हती. ओरडलं तरी आवाज वर येणार नाही अशी ती जागा. राखीनं सारिकाचा हात धरला.

"ताई, चला ना परत."

त्या परतल्या. घरी येईपर्यंत राखीनं हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सारिकानं एकटीनं जाऊन बोटांचे पट्टे दगडानं घासून काढले, शेण खरवडलं आणि आपले ठिपके पुन्हा दिले. दोन दिवसांनी तिथं परत शेण होतं. परत पट्टे होते, या वेळी जास्त, आणि मोठे. जणू कुणाला मुलींना घळीकडे न्यायची घाई झाली होती.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. काजलची आई आशाबाई सारिकाच्या दारात येऊन उभी राहिली. "सारिका, मी तुले दोष नाही देत. पन कोनीतरी पोरीईले मुद्दाम तिकडं नेऊन राह्यलं. माही पोरगी आता नाही येनार." एकेक करून सगळ्यांच्या आयांनी मुली घरात ठेवल्या. संघर्ष म्हणाला, पोलिसात सांगू. सारिका म्हणाली, नाव कोणाचं सांगायचं?

नाव गावानंच शोधलं. हरिओम नावाचा एक पोरगा भट्टीजवळ मोबाइल घेऊन बसायचा, कारण तिथं रेंज येते. चौघांनी त्याला पारावर ओढून आणलं. तो रडत म्हणत होता, "मी कायले करू हो? मले काय मिळते?" तरी दोन कानाखाली बसल्याच. सारिका तिथं होती. ती थांबा म्हणाली, पण उशिरा म्हणाली, आणि फार मोठ्यानं नाही. हरिओमनं डोंगराकडे जाणं सोडलं. सारिका अधूनमधून जाऊन बघायची; तीन दिवसांनी पट्टे पुन्हा ताजे दिसले.

म्हणजे हरिओम नव्हे. मग कोण, हा प्रश्न घराघरात रात्री बसून राहू लागला. संध्याकाळी बाया डोंगराच्या बाजूची खिडकी लावून घेऊ लागल्या. सारिकाला मशीनवर बसल्या बसल्या ती चार बोटं दिसायची. माणूस रोज आपल्याला बघतो, आपली वाट त्याला पाठ आहे, आपण नसताना तिथं येतो. आणि आपल्याला त्याचा चेहरा माहीत नाही.

एका सकाळी फटफटताना ती कोणाला न सांगता निघाली. एका हातात चुन्याचा डबा, दुसऱ्या हातात संघर्षच्या गाडीतला लोखंडी पाना. जो कोण असेल त्याला आज बघायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

धुकं नव्हतं, वारा नव्हता. बोरीच्या बनात खाली पडलेली बोरं कोणीतरी चिरडून खाल्लेली. पुढं एक वारूळ फोडलेलं, माती ओली. तिनं ते पाहिलं, पण ती माणूस शोधत होती, म्हणून पुढं गेली. वळणावर पट्टे होते, शेण होतं. माणूस नव्हता. ती काही वेळ दगडाआड बसली. कोणीच आलं नाही. मग तिला राग आला. आपलीच वाट आपण का सोडायची? ती वर चढली, पुढच्या ठिपक्यावरचं शेण खरवडलं, त्याच्या पुढच्यावरचं खरवडलं. तिथं पाय पोकळ वाजत होता. वाट कपारीच्या तोंडावरून जात होती.

आधी वास आला. ओल्या कुत्र्याच्या अंगाचा येतो तसा, पण जड. मग आतून बारीक कुंईकुंई. शेळीचं करडू अडकलं असेल असं वाटून ती वाकली.

काळं काहीतरी कपारीतून सरळ तिच्या अंगावर आलं. अस्वल होतं. ती मादी होती आणि मागं आत तिची दोन पिल्लं होती, हे सारिकाला नंतर कळलं. तिनं पाना उगारला की नाही तिला आठवत नाही. डोक्यावर घाव बसला आणि डोळ्यांत रक्त उतरलं. ती पालथी पडली. अस्वलाचा श्वास मानेवर, नखं पाठीत. ती ओरडत होती, आणि आपला आवाज खाली कोणाला ऐकू जाणार नाही हेही तिला कळत होतं.

ऐकू गेला. खालून कुत्री भुंकत आली आणि त्यांच्या मागं एक माणूस डबा बडवत, घसा फाडून ओरडत वर आला. हातात कुऱ्हाड. ते रामराव होते. कुत्र्यांनी घेरलं तसं अस्वल मागं सरलं आणि कपारीच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं, तिथून हललं नाही. रामरावांनी पाठ न फिरवता सारिकाला बगलेत धरून ओढत खाली आणलं. त्या वयात कसं आणलं त्यांचं त्यांना ठाऊक. धोतर लाल झालं होतं. सडकेवर एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडी थांबवली.

मोताळा, बुलढाणा आणि तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात. टाके किती पडले ते कोणी मोजून सांगितलं नाही. डावा डोळा वाचला नाही.

महिन्याभरानं सारिका घरी आली. दुसऱ्याच दिवशी रामराव दारात आले, आत यायचं की नाही ठरत नव्हतं. संघर्षनं खुर्ची दिली. ते खुर्चीच्या टोकावर बसले, टोपी हातात घेऊन.

"ते पट्टे माह्या हातचे होते," ते म्हणाले.

संघर्ष उठला. सारिकानं हातानं त्याला थांबवलं.

"शेळ्या चारताना मले ते अस्वल दिसलं. पिल्लं होती. म्हटलं, पोरीईची वाट त्या मादीच्या दारातून जाते. खालून फिरवली त बरं. त्या घळीत काही नाही, मी रोज जातो."

"मंग सांगितलं काऊन नाही?" सारिकाचा आवाज टाक्यांमुळे एका बाजूनं येत होता.

"तुले सांगतो त तू आयकली असती काय?"

सारिकानं डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "नाही. पन काजलच्या बापाले सांगता आलं असतं. गावाले सांगता आलं असतं."

रामरावांनी मान खाली घातली. "गावाले सांगितलं म्हंजे फॉरेस्टवाले आले असते. डोंगर बंद. माह्या शेळ्या त्याच जागेत चरतात, मागं एकदा धरल्या होत्या. तेच मनात होतं. खोटं नाही बोलत. वाटलं, निस्तं चुन्यानं भागून जाईन."

"हरिओमनं मार खाल्ला."

"हाव. मी तिथंच होतो."

सारिकाच्या लेकीनं चहा आणला. रामरावांनी तो पूर्ण घेतला नाही. जाताना दारात थांबून त्यांनी तिच्या बांधलेल्या डोळ्याकडे एकदा पाहिलं आणि वहाणा हातातच घेऊन अंगणाबाहेर गेले.

फॉरेस्टची माणसं आलीच. तोपर्यंत अस्वल पिल्लांना घेऊन कुठंतरी निघून गेलं होतं. कुठं, ते कोणी सांगू शकलं नाही. डोंगर बंद झाला. रामरावांनी उन्हाळ्यात शेळ्या विकल्या. सारिका हरिओमच्या घरी गेली, त्याच्या आईसमोर त्याची माफी मागून आली. तो मोबाइलकडे बघत बसला होता, "असू द्या" एवढंच म्हणाला.

मशीन तिनं पुन्हा सुरू केली. एका डोळ्यानं शिलाईचा अंदाज चुकायचा, उसवून परत घालायची. रात्री तिला झोपेत तो जड वास यायचा आणि ती उठून दाराची कडी बघायची. पावसाळा संपल्यावर काजल आली. भरती जवळ होती, सडकेवर ट्रक फार होते. "ताई, दुसऱ्या डोंगरावर जाऊ. रोहिणखेडच्या अंगाला आहे ना तो." सारिका नाही म्हणाली. चार दिवसांनी हो म्हणाली.

पण मुलींना घेऊन जायच्या आधी ती त्या डोंगराखालच्या वस्तीवर गेली, काजलला सोबत घेऊन. कलाबाई नावाची एक म्हातारी तुरीत निंदत होती. सारिका बांधावर बसली. आपण कोण, काय झालं, पोरी कशासाठी पळतात, सगळं सांगितलं. मग विचारलं, "मावशी, या डोंगरावर पळाव का आमी?"

कलाबाईनं विळा खाली ठेवला. तिनं सारिकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे.

"या," ती म्हणाली. "पन सकाळच्या अंधारात नका येत जाऊ. आनि त्या वडाच्या पल्याड नका जाऊ."

"काऊन हो? काय आहे तिकडं?" काजलनं विचारलं.

सारिकानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू दे. नाही जायचं म्हंतात त नाही जायचं."

आता त्या मुली ऊन चढल्यावर पळतात. घामाघूम होतात, कुरकुर करतात, भरती सकाळच्या थंडीत असते म्हणतात. सारिका वडाजवळ उभी असते, झाडीकडे तोंड करून, उजवा डोळा तिकडे लावून. शेवटची मुलगी वडापासून परतीला लागेपर्यंत ती तोंड फिरवत नाही.