जिव्याने सोडलेली चिलीम

एकोणीसशे अकरा साली मी मास्तरकीची परीक्षा पास झालो आणि मला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक मोखाड्याचं, इंग्रजी हद्दीतलं. दुसरं जव्हार संस्थानातलं. मोखाड्याला राहायला खोली मिळणार होती, शिवाय तिथले हेडमास्तर आमच्या नात्यातले. शहाण्या माणसाने डोळे मिटून मोखाडा घेतला असता. मी जव्हार घेतलं. एका मित्राने सांगितलं होतं की तिथे मावळतीला नुसती दरीच दरी दिसते, हवा वैशाखातही गार असते आणि पोहायला नद्या आहेत. मी येवल्याचा, धुळीत वाढलेला. जोर-बैठका, पोहणं, पायपीट यांचं मला भारी वेड. निघताना आईने विचारलं, "तिथली माणसं कशी आहेत रे?" मी म्हणालो, "डोंगर फार छान आहेत."

हे उत्तर आठवलं की अजून माझे कान तापतात. पण ही गोष्ट माझी नाही, जिव्याची आहे. माझी त्यात आहे ती फक्त लाज.

जव्हारपासून कोसभरावर, जामसरच्या वाटेला आमचा पाडा होता. वीस-बावीस घरं, भात आणि नागली पिकवणारी. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर पेंढा. जिव्या पाड्याची गुरं राखायचा, शिवाय स्वतःपुरता थोडा भात करायचा. वय पन्नाशीचं, अंगाने काटकुळा, कमरेला कोयता आणि डोक्याच्या फडक्यात खोचलेली चिलीम. सकाळी गुरं सोडली की शाळेजवळच्या ऐनाच्या झाडाखाली बसून तो चिलीम ओढायचा आणि मग नदीकडे निघायचा. मला पाहिलं की विचारायचा, "गुरजी, जेवलास का?" पाड्यात कोणी कोणाला अहो-जाहो करत नसे, मास्तरलाही नाही. पहिला महिना मला ते टोचलं. मग सवय झाली.

रान मला त्यानेच दाखवलं. कोणत्या डोहात भोवरा आहे, कोणत्या वेलीने अंग खाजतं, अस्वलाची वाट कोणती. मी पोहायला निघालो की तो म्हणायचा, "मासे नाय धरत, गुरं नाय धूत, मग पाण्यात पडतोस कशाला?" व्यायामाला, असं मी सांगितलं तेव्हा हसता हसता त्याला ठसका लागला. "धोंडीबाईसंगं दोन भारे वाहून आण, लई व्यायाम होल तुझा," तो म्हणाला. मी ते चेष्टेवारी नेलं. ती कसले भारे वाहते हे तेवढं विचारलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

फाल्गुनात शाळा तपासायला डिपोटी साहेब येणार असं पत्र आलं. त्यांचा शेरा चांगला पडला तर माझी नोकरी कायम होणार होती. मी ठरवलं, पोरांच्या कवायतीला मैदान करायचं. शाळेशेजारी एकच सपाट जागा होती आणि तिथे वाळक्या फांद्या, पाला, गवत, शेण यांचा माझ्याहून उंच ढीग होता. तो मी दिवाळीपासून वाढताना बघत होतो आणि कचरा समजत होतो. आमच्याकडे शाळेच्या आवारात पाचोळा साचला की मास्तर काडी लावून मोकळे होतात. कोणाला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

बाजाराचा दिवस होता. पाडा सगळा जव्हारला गेलेला. जिव्या नेहमीसारखा ऐनाखाली बसला, चिलीम ओढली आणि गुरं घेऊन गेला. त्यानंतर घटकाभराने मी काडी ओढली. आजूबाजूचं गवत आधी काढून ठेवलं होतं, त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली. जाळ खाली बसला तसा पंचा खांद्यावर टाकून नदीवर गेलो आणि पोटभर पोहलो.

परत आलो तर धोंडीबाई राखेपाशी बसलेली. ही पाड्यातली विधवा बाई, पदरी दोन लहान मुली. बाजाराची टोपली शेजारी कलंडली होती आणि मीठ मातीत सांडलं होतं. मी सांगणारच होतो, बघ कशी जागा मोकळी केली! शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात ती म्हणाली, "गुरजी, माझा राब जळला रं."

राब म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भाताचं रोप जिथे करायचं त्या वाफ्यावर फांद्या, पाला, शेण पसरायचं आणि पावसाच्या आधी ते जाळायचं. मग त्या भाजलेल्या मातीत रोप धरतं. नाहीतर तण माजतं आणि रोप पिवळं पडतं. धोंडीबाईने कार्तिकापासून फांद्या तोडून, डोक्यावर भारे वाहून हा ढीग रचला होता. तिचा वाफा खाली उतरणीला होता. पाला नीट वाळला की ती तो तिकडे नेणार होती. आता झाडांवर पान उरलं नव्हतं, म्हणजे यंदा दुसरा राब होणं नाही. राख वाऱ्यावर दरीत चालली होती.

"कसा जळला?" मी विचारलं.

हे मी विचारलं, माझ्या तोंडाने. त्याच क्षणी खरं बोललो असतो तर राब जाळणं ही नुसती चूक राहिली असती. हे दोन शब्द बोललो आणि ते पाप झालं.

दिवस मावळायच्या आत पाडा जमला. कारभाऱ्याने विचारलं, सकाळी इथे कोण होतं? जिव्या आपणहून पुढे आला. "मी होतो. चिलीम ओढली."

"झाडलीस कुठं?"

जिव्या बराच वेळ ऐनाकडे बघत राहिला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होता बिचारा. "ध्यानात नाय," तो शेवटी म्हणाला. "इथंच झाडली असंल. दुसरा कोण हाय इथं? मीच."

त्याने फडक्यातून चिलीम काढली, दगडावर ठेवली आणि दुसऱ्या दगडाने फोडली. मी हातभर अंतरावर उभा होतो. एकच वाक्य बोलायचं होतं. पण डिपोटी चार दिवसांवर आले होते, आणि मी मूग गिळून बसलो. मनाशी म्हटलं, ते येऊन गेले की सांगू.

जिव्याने आपला निम्मा राब धोंडीबाईला द्यावा असं ठरलं. त्याने भारे स्वतः वाहून दिले. धोंडीबाई म्हणाली, आता जागा मोकळी झालीच हाय तं पोरांना खेळू द्या. डिपोटी आले, मैदान पाहून खूश झाले आणि मास्तर उत्साही आहेत असा शेरा लिहून गेले. मी कायम झालो.

निम्म्या राबात निम्मं रोप झालं. त्या भादव्यात दोन घरांत दाणा नव्हता. जिव्याची बायको रामी कडूकंद सात पाण्यांत उकडत बसलेली मी रोज बघायचो. एकदा तांदूळ घेऊन गेलो, तर तिने मलाच आशीर्वाद दिले. घरी येऊन मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो. लाजेने माणूस मरत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मी सांगणार होतो. दर महिन्याला सांगणार होतो. जितका उशीर झाला तितकं तोंड जड झालं.

जिव्याने मात्र त्या चिलमीपासून कानाला खडा लावला, तो कायमचा. एवढ्यावर थांबला असता तरी माझं बरं झालं असतं. पण दरवर्षी राब भाजायचे दिवस आले की तो ओली फांदी घेऊन पाड्याभोवती फिरायचा. कोणाच्या राबातून ठिणगी उडाली की हा तिथे हजर. लोक त्याला रामोशी म्हणून चिडवायचे. आणि होळी झाली की शाळेत यायचा. पोरांसमोर उभा राहून सांगायचा, "पोरांनो, माझ्या हातनं धोंडीबाईचा राब जळला. इस्तव लहान नसतो. माझ्यासारखं नका करू." पोरं गंभीर होऊन ऐकायची. शेजारी मी उभा असायचो, हातात छडी, मास्तर म्हणून. अशी अकरा वर्षं गेली.

अकराव्या वर्षी माझी बदली झाली. सामान बांधलं आणि जिव्याच्या अंगणात गेलो. तो आता वाकला होता. धोंडीबाई रामीशेजारी नागली पाखडत होती. मी उभ्यानेच बोललो. राब मी जाळला. कचरा समजून जाळला. तू गेल्यावर घटकाभराने काडी ओढली आणि पोहायला गेलो. तुझी चिलीम नव्हती, जिव्या, कधीच नव्हती. बोलता बोलता मी रडायला लागलो.

जिव्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिवी देईल. मला ती हवी होती. तो हसला आणि खाटेवर हात थोपटून म्हणाला, "बस."

"जिव्या, मी खरं सांगतोय."

"धोंडे, बघ गुरजी कसा हाय," तो म्हणाला. "जायच्या वक्ताला माझा डाग आपल्या अंगावर घेतो." धोंडीबाईने पदराने डोळे पुसले आणि रामी आत जाऊन माझ्यासाठी तांदळाची पुरचुंडी बांधायला लागली.

मी आगकाडीची पेटी दाखवली. ढिगाची उंची, वारा, वेळ, सगळं सांगितलं. देवाची शपथ घेतली. जिव्या मान हलवत राहिला, हट्टी पोराची समजूत काढावी तसा.

"उगा नको बोलू," तो म्हणाला. "अकरा वर्सं मी पोरांसमोर उभा राहिलो, तू माझ्या बाजूला होतास. तू जाळला असता तं असा गप उभा राहिला असतास का? तू काय तसा माणूस हायस?"

रामीने पुरचुंडी माझ्या हातात दिली. मी ती घेतली.