पायाचा खटका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जो तो घाईतच भेटतो. कोणी आत अडकलेलं असतं, कोणी जिने चढून वैतागलेलं असतं. सेफ्टीसाहेबांना मात्र घाई म्हणून ठाऊक नव्हती. हे नाव त्यांना कामावरच्यांनी चिकटवलं होतं, कारण हा गृहस्थ दुरुस्त झालेली लिफ्ट पुन्हा एकदा मुद्दाम बिघडवून बघायचा. चालत्या लिफ्टची वायर काढायची, ती जागच्या जागी थांबते की नाही ते पाहायचं, आणि थांबली तरच जेवणाचा डबा उघडायचा. सव्वीस वर्षं हाच नेम. सोबतचे लोक तोवर जेवून पेंगायला लागलेले असत.

घरी आले की ते गिटार वाजवायचे, तीही स्वतःच्या हाताने बांधलेल्या अँप्लिफायरवर. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे चार व्हॉल्व्ह, मोडक्या कपाटाच्या फळ्यांची पेटी, वजन अठरा किलो. या पेटीचे आवाज दोन. एक साधा, स्वच्छ. दुसरा खरखरीत, एकदा तार छेडली की लांबतच जाणारा. बायको पहिल्याला 'आवाज' म्हणायची आणि दुसऱ्याला 'ते'.

"ते लावलंत की कोणतं गाणं चाललंय तेच कळत नाही हो," असं ती लग्नापासून सांगत आली होती.

अडचण एकच होती. आवाज बदलायचा खटका पेटीवर, पेटी पाठीमागे, आणि माणसाला हात दोनच. गाण्याच्या मध्ये तारा सोडायच्या, वळायचं, खटका दाबायचा, परत वळायचं, यात दर वेळी दोन ठोके जायचे. चौघांच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा तो बायकोचा धाकटा भाऊ. गेली वीस वर्षं ते दोन ठोके तोच बिचारा काहीतरी धडधड करून भरून काढत होता.

आणि मग एका हॉटेलकडून विचारणा आली. दर रविवारी दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये वाजवायचं, कायमचं. त्याआधी मॅनेजर एकदा ऐकणार. मेव्हणा घरी आला, चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका. पण या वेळी ते दोन ठोके चालायचे नाहीत. जमत नसेल तर माझ्या ओळखीचा एक जण आहे. त्याच्याकडे छोटासा डबा असतो, पायाने दाबला की आवाज बदलतो."

"आणि मी?"

"तुम्ही साउंडचं वगैरे बघाल की."

सेफ्टीसाहेबांना ते लागलं. साउंडचं एक वेळ चाललं असतं, पण ते 'वगैरे' काही केल्या घशाखाली उतरेना. बँड त्यांनीच सुरू केला होता, मेव्हण्याला पहिला ड्रम त्यांनीच आणून दिला होता. पण ठोके जात होते हेही खरंच होतं. "मी पायाचा खटका बसवतो," ते म्हणाले. हातात आठ दिवस होते.

युक्ती त्यांना कामावरूनच ठाऊक होती. लिफ्टचं बटण काही मोटर फिरवत नाही. ते नुसता निरोप देतं आणि यंत्राच्या खोलीतला रिले, म्हणजे विजेनेच दाबला जाणारा खटका, पुढचं काम करतो. तसंच इथे. जमिनीवर खटका, तिथून लांब वायर, आणि पेटीच्या आत रिले. त्यांनी पेटीची पिन काढली, आत साठलेली वीज उतरू दिली, मीटरवर शून्य दिसल्याची खात्री केली, आणि मगच आत हात घातला. एकच हात. दुसरा सवयीने पाठीशी, म्हणजे झटका बसलाच तरी छातीतून जायला नको.

रिले मात्र त्यांनी लिफ्टचाच बसवला. सव्वीस वर्षांचा भरवसा, दुसरं काय! पेटी चालू करून पहिल्यांदा खटका दाबला, तशी बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "काय पडलं?"

पडलं काहीच नव्हतं. रिलेचा दणका शेजारच्या व्हॉल्व्हला बसला होता, आणि पेटीने तो इमानेइतबारे दसपट करून ऐकवला होता.

मग छोटा रिले आला, अंगठ्याच्या नखाएवढा. तो व्हॉल्व्हपासून लांब, बायकोच्या जुन्या चपलेच्या रबराच्या तुकड्यावर बसवला. (दुसरी चप्पल शाबूत होती हे तिने दोन दिवस ऐकवलं.) तरी बारीकसा 'टप' राहिलाच. तेव्हा एक रेझिस्टर जोडून साठणाऱ्या विजेला झिरपून जायला वाट करून दिली. गुरुवारी टप गेला.

शुक्रवारी ते वायर हातात धरून विचारात पडले. समजा ही वाजवताना सुटली, तर पेटीने काय करावं? लिफ्टचा ब्रेक विजेने उघडतो आणि वीज गेली की आपोआप लागतो. मग या पेटीने कुठे येऊन थांबावं? मेव्हण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "खरखरीतवरच राहू द्या, लोकांना जोर लागतो." त्यांनी बायकोला विचारलं.

"साध्यावर," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "निदान गाणं तरी कळेल."

त्यांनी जोडणी तशी केली. मग मुद्दाम वायर उपटली. पेटी साध्यावर आली. तेव्हा कुठे ते जेवायला बसले.

रविवारी हॉल रिकामा होता, चौथ्या मजल्यावर. मागच्या टेबलाशी बायको, पुढे मॅनेजर. पहिल्या तीन गाण्यांत सेफ्टीसाहेब एकदाही वळले नाहीत. बूट उचलायचा, टेकवायचा, की आवाज बदललेला. एक ठोका गेला नाही. मेव्हणा ड्रममागून दात काढून हसला.

शेवटच्या गाण्यात त्यांचा मोठा तुकडा होता, सगळा खरखरीत आवाजात. तो सुरू होऊन दोनच ओळी झाल्या असतील, मॅनेजरने जवळून फोनवर व्हिडिओ टिपायला खुर्ची पुढे ओढली. खुर्चीच्या पायात वायर अडकली, आणि सुटली.

पेटी साध्यावर आली.

खरखरीत आवाजात चुकलेलं बोट झाकून जातं. साध्यात झाकत नाही. सूर लांबतही नाही, वाजवला तेवढाच उरतो. सेफ्टीसाहेबांना हे चांगलं ठाऊक होतं. पण हात थांबले नाहीत. निम्मे सूर त्यांनी सोडून दिले आणि उरलेले सावकाश, एकेक ठेवल्यासारखे वाजवले. मेव्हण्याने काठ्या खाली ठेवल्या आणि हातानेच हलका ठेका धरला. मागच्या टेबलाशी बायको हळूच गुणगुणायला लागली. ते त्यांना ऐकू आलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

मॅनेजर म्हणाला, "शेवटचं होतं तसं वाजवा. लोक जेवत असतात. पुढच्या रविवारपासून या."

सगळ्यांनी एकमेकांचे हात दाबले. सेफ्टीसाहेब वायर गुंडाळत बाहेर आले, तर लिफ्टशेजारच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. मांडीवर गिटारची पिशवी, पायाशी छोटासा डबा.

"झालं का त्यांचं?" त्याने अदबीने विचारलं. "मला ड्रमवाल्यांनी दोनपासून बसवून ठेवलंय. लागलं तर हाक मारतो म्हणाले."

मेव्हणा मागोमाग आला आणि दारातच थबकला. त्याचं तोंड एवढंसं झालं. "भाऊजी, मी आपलं... नुसती सोय म्हणून..."

सेफ्टीसाहेबांना वाईट वाटलं, आणि खूप वाटलं. वीस वर्षं सोबत वाजवणाऱ्या माणसाने बाहेर दुसरा बसवून ठेवावा! ओरडावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण काय ओरडणार? वायर सुटली तर काय, याचा विचार त्यांनी केला होता, तसाच त्यानेही केला होता. तोही त्यांच्याकडूनच शिकलेला. त्यांनी त्या गिटारवाल्याला नमस्कार केला, थांबायला लागल्याबद्दल माफी मागितली. मग मेव्हण्याकडे वळले.

"पेटी खाली आण," ते म्हणाले. "जिन्याने."

मेव्हण्याने अठरा किलो एकदा पाहिले, चार मजले एकदा पाहिले, आणि पेटी उचलली.

लिफ्टचं दार उघडलं. बायको आत शिरली आणि पायऱ्यांवरून वाकत उतरणाऱ्या भावाकडे बघून म्हणाली, "अहो, लिफ्टला काही झालंय का?"

"छे," सेफ्टीसाहेब म्हणाले, आणि तळमजल्याचं बटण दाबलं. "उत्तम चालू आहे."