भेटीची शहाळी

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा माझ्या थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा बेल्ह्याहून पुण्याला डायलिसिसला न्यावं लागे. तिथल्या इस्पितळात खेड्यांतून येणाऱ्या अशा पेशंटांवर संशोधन चाललं होतं. उपचारानं कोण किती तगतो, मध्येच काय बिघडतं, ते बघायचं. एक तरुण डॉक्टरीणबाई दर खेपेला त्याला खोदून खोदून विचारायच्या. दम लागतो का, पायावर सूज येते का, काय खाल्लं. भाऊ खुशीत उत्तरं द्यायचा. त्याला इतकं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

बाईंनी बजावलं होतं, पाणी मोजून प्यायचं आणि शहाळ्याला तर हातही लावायचा नाही. त्यातलं पोटॅशियम बिघडलेली किडनी बाहेर टाकत नाही, ते रक्तात साचतं आणि हृदय बंद पाडतं. पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाती जात नाही. आणे, लोणी अशा आसपासच्या गावांहून पाहुणे यायचे ते शहाळी घेऊनच. मी ती दारातच काढून घ्यायचो. सगळ्यांचा वाईटपणा घेतला. "सख्ख्या भावाच्या तोंडचं काढतोय," असं पाहुणे मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलायचे. भाऊ मात्र भिडस्त. कुणी समोर धरलं की त्याला नाही म्हणवत नसे. त्याच्या त्या भिडेचा मला अजून राग येतो.

एका बाजारच्या दिवशी मी गाय विकायला गेलो आणि मागं लोणीचा मामा आला. "पी रं, लई ताकद येती," म्हणत त्यानं एकामागून एक शहाळी फोडून भावाला पाजली. वहिनी आडवी आली तर तिलाच दटावलं. मी परतलो तोवर भाऊ गेला होता.

तेराव्यानंतर बाईंचा फोन आला. शेवटी नेमकं काय झालं, ते त्यांना संशोधनासाठी हवं होतं. मामा तिथंच चहा पीत बसला होता. पुण्याच्या मशिनीनं पोरगं खाल्लं, असं आल्यागेल्याला सांगत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्याकडे बघतच मी फोनवर म्हणालो, "मामानं शहाळी पाजली, म्हणून गेला."

"पान्यानं कुटं मानूस मरतं व्हय?" मामा रडवेला होऊन आईला विचारू लागला.

आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दादा, तू मनाला लावून घेऊ नको. त्याचं आयुष्यच तेवढं व्हतं." मग माझ्याकडे वळली. "आन् तुला परक्या बाईम्होरं माज्या भावाचं नाव घ्यायला लाज न्हाई वाटली?"

तिनं तिचा भाऊ सांभाळला. मला माझा सांभाळता आला नाही.