लपवलेलं नाव

बातमी मीच वाचली, तीही शेकडो लोकांसमोर, मोठ्यानं. माझ्या चॅनलचं सकाळी आठचं लाइव्ह सुरू होतं. जळकोटच्या घरातून मी रोज हवामान आणि पिकांबद्दल बोलतो, आणि सुरुवातीला चॅटमधली नावं वाचून एकेकाला राम राम घालतो. त्याच ओघात वाचून गेलो, ‘शिरूर अनंतपाळहून कळवतो, व्यंकट मास्तर पहाटे अटॅकनं गेले.’ वाचून झाल्यावर कळलं, आपण काय वाचलं. मग श्रद्धांजलीचे मेसेज धो धो येत राहिले आणि मला लाइव्ह बंद करायचंसुद्धा सुचलं नाही.

व्यंकट आणि मी उदगीरला कॉलेजात एका खोलीत राहिलो. पुढं तो शिरूरला शाळेत कॉम्प्युटर शिकवू लागला, मी शेतीत पडलो. लोक चॅनल माझं म्हणतात, पण उभं केलं त्यानं. पहिल्याच लाइव्हला कुणीतरी आयाबहिणींवरून सुरू केलं, तर दुसऱ्या दिवशी गडी मोटारसायकलवर जळकोटला हजर. "दत्ता, तुला येत्यात तेवढ्या शिव्या सांग." चॅटमधून आपोआप गाळायच्या शब्दांची यादी करायची होती. आम्ही दोन पन्नाशीचे बाप्ये शिव्या आठवत बसलो. बायको चहा घेऊन आली की दोघं चिडीचूप. ‘येडा’ मात्र त्यानं यादीत घेतला नाही. म्हणाला, "हे गाळलं तर आपल्याकडं बोलनार कोन?" त्यानंतर रोज आठला तो शिरूरहून मोबाइल घेऊन बसायचा, नावाशेजारी चॅट सांभाळणाऱ्या मॉडरेटरची खूण, निळा पाना. जाहिरातवाले, भांडखोर, सगळे तोच निस्तरायचा. फार छळणाऱ्यांवरचा इलाजही त्यानंच शिकवला. "ह्याला लपवायचं. त्यानं लिहिलेलं त्याला दिसत ऱ्हातं, दुसऱ्या कुनालाच दिसत न्हाई. तंटा न्हाई, बोंब न्हाई. पर लई वाईट शिक्षा हाय ही, जपून वापर."

ती मी त्यालाच दिली. गेल्या मिरगात दोन सरी पडल्या आणि मी लाइव्हवर छाती ठोकून सांगितलं, बिनधास्त पेरा. लगेच चॅटमध्ये व्यंकटचा मेसेज: ‘दत्ता, उगं घाई करू नको. ओल चार बोटं बी न्हाई. मंडळी, थांबा.’ झालं! सगळे त्याच्या बाजूनं. एकानं लिहिलं, मास्तरचं ऐका, भाऊ थापा मारून राहिलाय. माझ्याच चॅनलवर माझी शोभा! डोकं फिरलं. त्याचा पाना काढला आणि त्याला लपवून टाकलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, तो उचलला नाही. पुढं पावसानं तीन आठवडे तोंड दाखवलं नाही, माझं ऐकलेल्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. तो खरा ठरला, याचाच मला जास्त राग आला. असा मी आडमुठा. आज बोलू, उद्या बोलू करता करता दिवाळी गेली...

तेराव्याला शिरूरला गेलो. सुनंदावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रोज आठला बसायचे बघा. तुम्हाला राम राम लिहायचे, लोकांच्या प्रश्नांला उत्तरं लिहायचे. मी म्हनायचे, भाऊजी तुमचं नाव कसं घेईनात? तर म्हनायचे, त्याला लई मेसेज येतात, नजरंतून सुटत असंल." वहिनी पुढं म्हणाल्या, "ते समदं तुमच्याकडं असंल की. एकदा दाखवा. पोरीला बी वाचायचंय." शोधतो, म्हणालो आणि चप्पल घालून निघालो.

वहिनी, पेपरची ही पुरवणी तुमच्याकडं येते म्हणून इथं लिहितोय. तोंडावर सांगायची छाती झाली नाही. ते मेसेज माझ्याकडं नाहीत, कुणीच ते वाचले नाहीत. पाच महिने मी त्याला लपवून ठेवलं होतं. परवा त्याचं नाव मोकळं केलं, पण आता त्याचा काय उपयोग? नजरेतून काही सुटत नव्हतं, हे त्याला पहिल्या दोन दिवसांतच कळलं असणार. ही विद्या त्याचीच. तरी तुमच्यापुढं त्यानं माझी लाज राखली. आणि आपलं लिहिलेलं कुणालाही दिसत नाही हे माहीत असून रोज आठला बसून मला राम राम लिहीत राहिला.