दातांच्या डॉक्टरची विमानाची खोली

खून, दरोडे, विहिरीतून काढलेली प्रेतं, नोकरीत सगळं पाहिलं. त्यातलं फारसं काही आता आठवत नाही, आणि आठवलं तरी जेवण नीट जातं. पण दातांच्या एका डॉक्टरच्या माडीवरची ती खोली आठवली, की भरदुपारी उठून घरातले दिवे लावावेसे वाटतात. बायको म्हणते, म्हातारचळ लागलाय. तिने ती खोली पाहिलेली नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. मी बदलून येण्याच्या काही वर्षं आधी आमच्या हद्दीतल्या डोंगरावर एक छोटं विमान आपटलं होतं. सकाळचं दाट धुकं, विमानात एकटा वैमानिक. तो जागीच गेला. पंचनामा झाला, अवशेष जप्त झाले आणि विमान कंपनीने सांगून टाकलं, की वैमानिकाने निष्काळजीपणे विमान खाली आणलं. मेलेला माणूस काय जबाब देणार! प्रकरण तिथेच निजलं.

त्याची बायको मात्र निजली नाही. शाळेत शिक्षिका होत्या त्या. अर्जांवर अर्ज करून त्यांनी शेवटी कोर्टाचा आदेश मिळवला. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र, ज्याला अल्टिमीटर म्हणतात, ते तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. आदेश घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या.

"साहेब, माझ्या मुलीला वर्गातली पोरं म्हणतात, तुझ्याच बापाने विमान पाडलं. ती मला विचारते, आई, खरंच का गं? मी काय सांगू तिला? तेवढं यंत्र तपासा."

मी मुद्देमाल कारकुनाला हाक मारली. तो आत गेला तो बाहेर येईचना. शेवटी मीच उठलो. विमानाच्या पंख्याची पाती होती, सीट होती, अल्टिमीटर नव्हता. खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. ठाणं जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलवताना बेवारस मोटारसायकलींचं भंगार लिलावात काढलं होतं. उंदरांनी चिठ्ठी खाल्लेलं एक गाठोडं त्याच ढिगात गेलं असणार. चोराने माल पळवला तर परवडतं हो, आमची माणसं आवराआवर करतात ते परवडत नाही.

बाईंना मी खरं तेच सांगितलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत नुसत्या बसून राहिल्या.

भंगार बाजारात आमचा एक खबऱ्या होता. त्याला चहा पाजला.

"विमानाचं घड्याळ ना? लय दिवस झाले साहेब. पंचवटीत दवाखाना हाय ना, ते दातवाले डॉक्टर, त्यांनी नेलं. याडच लागलंय त्यांना. विमानाचा खिळा जरी आला तरी मला फोन कर, असं सांगून ठेवलंय."

हवालदाराला बरोबर घेतलं, पंच घेतले आणि दुपारी साध्या कपड्यांत डॉक्टरचं घर गाठलं. दार त्याच्या बायकोने उघडलं. ओळख सांगताच म्हणाली, "वरच्या खोलीचंच ना? सांगत होते मी ह्यांना, एक दिवस कोणीतरी येणार म्हणून."

पंचांना खाली बसवून आम्ही दोघे वर गेलो. बाहेर रणरणतं ऊन आणि त्या खोलीत मिट्ट अंधार. खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं. भिंतीवरच्या फळ्यांवर पेशंटांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे, ओळीने दात विचकून बसलेले. मधोमध विमानाचं कापलेलं तोंड. आत सीट, दांडा, आणि हिरवट उजेडातली गोल गोल यंत्रं. समोर तीन पडद्यांवर ढग सरकत होते. सीटवर डॉक्टर पाठमोरा बसलेला. आणि एक माणूस इंग्रजीत कोणाला तरी हाका मारत होता. उत्तर येत नव्हतं, तरी तो त्याच शांत आवाजात पुन्हा पुन्हा हाका मारत होता.

हवालदार माझ्या कानाशी कुजबुजला, "साहेब, बोलतंय कोण?"

"रेडिओवरचं जुनं बोलणं आहे," डॉक्टर दचकून उठत म्हणाला. "मी मुद्दाम लावतो. त्याशिवाय उडतोय असं वाटत नाही." घरबसल्या संगणकावर विमान चालवायचा छंद होता त्याला, आणि त्यासाठी खऱ्या विमानांचे जुने भाग गोळा करून तो नवे करायचा.

आमचं यंत्र पुढ्यातच बसवलेलं होतं. मागचा क्रमांक पंचनाम्याशी जुळला. दात कोरायच्या बारीक हत्यारांनी त्याने गंज काढला होता, फुटकी काच बदलली होती, आकड्यांत सुईच्या टोकाने पांढरा रंग भरला होता. कारखान्यातून कालच आल्यासारखं दिसत होतं.

"कुठून आणलंत?" त्याने न अडखळता सांगितलं. भंगारवाल्याच्या बोलण्याशी ते जुळत होतं. माणूस चोर नव्हता.

"आत काय केलंत?"

"आतलं सगळं काढलं. काटा संगणकावरून हलवायचा तर मोटर लागते, तिला जागा हवी ना!"

माझं डोकंच सणकलं. जे तपासायचं तेच या भल्या माणसाने साफ करून टाकलं होतं. "अहो डॉक्टर, एका माणसाची अब्रू होती त्या डबीत!" मी ओरडलो. खाली बसलेले पंच उठून जिन्यापर्यंत आले.

तेवढ्यात त्याची बायको दारातून म्हणाली, "काढलं ते बरंच केलं. जिवंत होतं ते."

"म्हणजे?"

"आणलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं होतं ह्यांनी. काटा दिवसचे दिवस गप्प. आणि मी पोळ्या लाटत असले की पाठीमागे टक! वळून बघावं तर काटा भलतीकडे. जवळ कोणी नाही, वारा नाही. मी लिंबू उतरवून टाकलं साहेब, तरी ते थांबेना."

मी डॉक्टरकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"हवेच्या दाबावर चालतं ते," तो हळू आवाजात म्हणाला. "हवा बदलली की काटा सावकाश सरकायला हवा. हा अडकून बसायचा, मग एकदम उडी मारायचा. मला वाटलं, भंगारातलं आहे, असायचंच." पुढ्यातल्या यंत्राकडे बघत तो म्हणाला, "साहेब, खाली उतरताना हा अडकला, तर वैमानिकाला आपण अजून वरच आहोत असं दिसणार."

"आतलं सामान कुठे फेकलंत?"

"फेकलं नाही. आम्ही छंदिष्ट लोक काहीच फेकत नाही."

त्याने कपाटातून कवळीची एक डबी काढली. आत कापसावर पितळेची चिमुकली चाकं नीट मांडलेली. पंचांसमक्ष सील केली, डॉक्टरचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला आणि डबी तज्ज्ञाकडे पाठवली. अहवाल आला: आतलं ग्रीस वाळून खडा झालेलं, आणि तिथे घासल्याच्या खुणा अपघाताच्या कितीतरी आधीच्या. काटा आधीपासूनच अडकत होता, आणि कंपनीत कोणी ते यंत्र उघडून पाहिलं नव्हतं.

सरकारी वकिलांनी मात्र मान हलवली. मुद्देमाल ठाण्याबाहेर गेलेला, दहा हातांतून फिरलेला. कोर्ट त्याला फारसं वजन देणार नाही. हे सांगायला मी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "मला ती खोली बघायचीय."

मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. आधीचं यंत्र आमच्या ताब्यात होतं. डॉक्टरने त्या जागी तसलंच दुसरं बसवलं होतं. बाई सीटवर बसल्या. "ह्यांचा अडकला होता, तसा अडकवून दाखवता येईल?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

पडद्यांवर धुकं भरलं. विमान उतरायला लागलं, पण काटा ढिम्म. रेडिओवरचा तो माणूस हाका मारत होता. मी बाईंच्या मागे उभा होतो आणि माझीही नजर काट्यावरच खिळली होती. उंची भरपूर दिसत होती, जिवाला घोर लागावा असं काही नव्हतं. आणि मग धुक्यातून एकदम खडक, गवत, झुडपं, तिन्ही पडदे भरून. पडदे काळे झाले. काटा अजून तीच उंची दाखवत होता.

बाईंनी काचेवर हात ठेवला. "बघत होते हो ते," त्या म्हणाल्या. "नीट बघत होते." आणि हमसून रडल्या. माझेही डोळे भरले, लपवत नाही.

जाताना त्या डॉक्टरला म्हणाल्या, "उद्या मुलीला घेऊन येते. तिलाही दाखवा."

"ताई, लहान आहे ती. घाबरेल."

"घाबरू दे. बापाने विमान पाडलं, हे ऐकत तिला मोठी व्हायला नको."

डॉक्टरने होकार दिला. कोर्टात पुढे व्हायचं ते झालं, कंपनीचं काही वाकडं झालं नाही. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, समोर आलेल्या प्रत्येक माणसाला मी 'तू काय केलंस' हे नंतर विचारलं. आधी विचारलं, 'तू उभा होतास तिथून तुला काय दिसत होतं?'