अमावास्येची वॉर्निंग

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमधून फोन आला तेव्हा मालक सेठजींनी निकाल आधीच देऊन टाकला होता. "मॅडम, आपला ऑपरेटर काट्याच्या चिठ्ठ्यांत हात मारते. तुम्ही फकस्त पुरावा काढून द्या." मी संगणकांची दुरुस्ती करते; म्हटलं, जे निघेल ते सांगेन. दुसऱ्या दिवशी सकाळीच नालवाडीहून गाडी काढली.

तक्रार अशी होती. कापसाच्या गाड्या वजनकाट्यावर येतात आणि वजनाची चिठ्ठी संगणक छापतो. काही दिवशी संध्याकाळच्या चिठ्ठ्यांवर मागची वेळ पडायची. नंबर कोणाचा आधी, यावरून गाडीवाले एकमेकांच्या अंगावर जायचे. ऑपरेटर पन्नाशीचा, जिनिंगमध्ये संगणक आला तेव्हापासूनचा. मी आत शिरले तसा तो खुर्ची सोडून उभा राहिला आणि मग उभाच राहिला.

"बसू द्या त्याले मॅडम, उद्यापासून उभंच राहाचं हाये," मुनीम म्हणाले. दोघं-तिघं हसले.

तिथे खरा सर्व्हर एकच होता. त्याच्या पोटात तीन आभासी संगणक चालत: काट्याचा, बिलांचा आणि पगाराचा. तिन्हींच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींत, कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, तीच वॉर्निंग पुन्हा पुन्हा येत होती: प्रोसेसर अडकला आहे, बराच वेळ हललेला नाही. असं दिसलं की आधी बाहेरच्या खऱ्या मशीनवर संशय घ्यायचा. तिच्यावर भार वाढला की आतल्यांच्या वाट्याला प्रोसेसर येत नाही आणि ते ओरडतात. मी भार पाहिला, मेमरी तपासली, डिस्क तपासली. सर्व्हर ठणठणीत होता. त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये त्या वेळी कसलीही कुरकुर नव्हती आणि आतले तिघे मात्र एकाच क्षणी ओरडलेले. म्हणजे ते अडकत नव्हते, त्यांना कोणीतरी थांबवत होतं. थांबलेल्या संगणकाचं घड्याळही थांबतं. पुन्हा सुरू झाल्यावर ते मागेच राहतं आणि हळूहळू जागेवर येतं. चिठ्ठ्यांचं कोडं तिथेच सुटलं.

वॉर्निंगच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. प्रत्येक तारखेवर काळा गोल होता.

"अमावास्येला काय करता?" मी ऑपरेटरला विचारलं.

त्याने आधी दाराकडे पाहिलं. "पूजा राह्यते मॅडम. सेठजी म्हणते, दिवा लावाच्या आंधी सारी मशीन बंद पाह्यजे. जिनिंगबी अन् काम्प्युटरबी. हे बंद केलं तं पुन्हा चालू व्हाले लई वेळ लागते. एकडाव बिलाचं चालूच नाई झालं. सेठजीनं चारचौघात मायवरून शिव्या देल्ल्या. तवापासून मी पॉज करतो. पडदा काळा झाला का सेठजी खुश."

हे ऐकून मला बरंच वाटलं. माणूस चोर नव्हता आणि दोष असलाच तर हुकमाचा होता. मी तसंच सेठजींना सांगितलं. मुनीम, कारकून, सगळे होते. आभासी संगणक म्हणजे काय, थांबवणं म्हणजे काय, घड्याळ मागे का पडतं, सगळं नीट समजावलं. "चिठ्ठीला कोणी हात लावलेला नाही," मी म्हटलं.

सेठजी ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे पूजेच्या वक्ताले मशीन बंद नोती?"

"बंद नव्हती. थांबवलेली होती."

"चालूच होती म्हना ना."

मी फरक पुन्हा समजावू लागले. त्यांनी हात वर केला आणि ऑपरेटरकडे वळले. "कवापासून?"

"लई दिवसापासून, सेठजी."

"तरीच!" सेठजींनी टेबलावर थाप मारली. "कापसाच्या गंजीले आग लागली. मोटर जयाली. माह्या छातीची चिरफाड झाली. मी इकडे नारळ फोडतो अन् हा देवाले उल्लू बनवून राह्यला!"

मी म्हटलं, आगीचा आणि याचा काही संबंध नाही. घड्याळ जुळवायची सोय मी आत्ता करून देते, हा त्रास पुन्हा होणार नाही.

"मॅडम, चोर असता तं ठेवला असता. चोराले पाहून घेता येते."

मग त्यांनी त्याला तिन्ही संगणक आणि सर्व्हर खरोखर बंद करायला लावले. बंद सर्व्हरपुढे फरशीवर नाक घासायला लावलं. नोकरी वाचेल या आशेने त्याने ते केलं, नीट, घाई न करता. कपाळाला धूळ लागली. मुनीम म्हणाले, "डाव्या बाजूनं राह्यलं." त्याने डाव्या बाजूनेही घासलं.

"आता जाय," सेठजी म्हणाले.

सर्व्हर मी चालू केला. सेठजींनी विचारलं, दर अमावास्येला येऊन असंच बंद-चालू करून द्याल का? मी हो म्हटलं. मी नाही म्हटल्याने त्याला परत घेतलं नसतं.

फाटकाशी तो मोटारसायकलची किक मारत होता. ती सुरू होत नव्हती.

"काऊन सांगतलं, मॅडम?"

"तुमच्यावर चोरीचा आळ होता. तो काढला."

"चिठ्ठ्या जुळवून थो आळ मीच काढला असता. पॉज येगळं अन् बंद येगळं, हे इथं तुमच्याबिगर कोनालेच माहीत नोतं." त्याने पुन्हा किक मारली. "आता हे काम कोन करन?"

"मी," मी म्हटलं.